बत्तीसचे सोळा

फरश्यांच्या त्या कारखान्यात तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांसाठी ती स्क्रीनताई. कुणाची स्क्रीन काळी पडली, कुणाची अक्षरं मुंगीएवढी झाली, कुणी घरून कारखान्याचा कॉम्प्युटर उघडला आणि अर्धंच चित्र दिसलं, की फोन स्क्रीनताईला. कॉम्प्युटर खातं म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली, त्यात दोन टेबलं, अखंड घरघरणारं सर्व्हरचं कपाट आणि काचेच्या आड बसणारे साहेब. अकरा वर्षं ती त्या घरघरीत बसत होती. सुट्टीच्या दिवशी घरात शांतता असली की तिला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

ही नोकरी तिला मामाने लावून दिली होती. नोकरीच कशाला, नऊ वर्षांची असताना आई गेली तेव्हापासून पाटी-पेन्सिलीपासून चष्म्यापर्यंत सगळं मामानेच पाहिलं होतं. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. मामा तिला चिमे म्हणायचा. कारखान्यात मात्र पहिल्याच दिवशी त्याने फाटकापाशी थांबवून बजावलं होतं, "इथे मामा म्हणायचं नाही. इथे मी मास्तर. नाहीतर लोक म्हणतील, भाची म्हणून चिकटवली."

मास्तर म्हणजे शेडमास्तर. एकाच मालाची, एकाच भट्टीची फरशीसुद्धा दर खेपेला तशीच उतरत नाही. आज किंचित निळसर, उद्या किंचित तपकिरी. नवा लॉट निघाला की जुन्या नमुन्याशेजारी ठेवून बघायचा आणि सांगायचं, जुळतो की नाही. जुळला तर पेटीवर तोच क्रमांक, नाही तर वेगळा. हे काम मामा चौतीस वर्षं करत होता. मशीन आणून पाहिलं होतं कारखान्याने. ते सपाट पांढऱ्या फरशीवर ठीक चालायचं आणि जरा ठिपके-रेघा आल्या की गोंधळायचं. मामा फरशी उचलायचा, जरा तिरकी धरायचा आणि घोट गिळायच्या आत निकाल द्यायचा. "दोन फरश्या सारख्याच दिसतात असं ज्याला वाटतं," तो नव्या माणसांना सांगायचा, "त्याने लग्नं जमवावीत. शेड जमवायला येऊ नये."

त्याच मामाचा पाय भट्टीमागच्या ओल्या उतारावरून सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण रोजचं जिना चढणं-उतरणं संपलं ते संपलंच. शेडची खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि घर तिसऱ्या. तीन महिने कारखान्याने कसेबसे काढले. दुसरा माणूस बसवला, त्याने दोन लॉट उलटसुलट केले. मग मॅनेजरच म्हणाले, "मास्तरांना घरून करता येणार नाही का? हल्ली सगळे करतात."

शेडच्या खोलीत दिव्यांची एक पेटी बसवली. आत ठरलेला उजेड, वर कॅमेरा, खाली नमुना आणि नवी फरशी शेजारी शेजारी. कॅमेरा तिथल्या कॉम्प्युटरला जोडला. आता मामाने घरच्या कॉम्प्युटरवरून तो कॉम्प्युटर उघडायचा, जणू आपण तिथेच बसलोय, आणि चित्र पाहून निकाल द्यायचा. ही सगळी जोडणी अर्थातच स्क्रीनताईकडे आली.

चार दिवस ती मामाच्या घरी जात होती. कारखान्याने रंगांच्या कामाची म्हणून चांगली मोठी स्क्रीन दिली होती. ती खिडकीपासून दूर ठेवली, पाठीमागची भिंत साधी हवी म्हणून मामींचं कॅलेंडर काढलं. मामी म्हणाल्या, "कॅलेंडरसुद्धा नको का तुमच्या रंगांना? फार नाजूक दिसतात." मामा पायाखाली उशी घेऊन खुर्चीत बसायचा आणि ती एकेक सेटिंग उघडून त्याला दाखवायची. आधी आकार. चित्र ताणलेलं नको, एकास एक हवं. मग कारखान्याच्या बाजूची पार्श्वभूमी, खिडक्या सरकतानाची शोभा, असलं सगळं बंद, म्हणजे लाइनची ताकद त्यात वाया जायला नको. मग रंगांची खोली.

"हे काय, पंधरा, सोळा, चोवीस, बत्तीस?" मामाने विचारलं.

"रंग किती बारकाईने पाठवायचे ते. बत्तीस म्हणजे डोळ्याला कळतात तेवढे सगळे. सोळा म्हणजे ढोबळ. पत्रं लिहायला, आकडे भरायला सोळा पुरतात. पण जवळच्या दोन छटा असतील तर सोळात त्यांची एकच होऊन जाते."

"म्हणजे सोळा म्हणजे आमचा नवा माणूस," मामा म्हणाला.

बत्तीस ठेवले. पण तेवढ्यावर मामाचं समाधान होईना. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान शेळ्या नीट दिसल्या पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. म्हणून तिने पिशवीतून बारा जोड फरश्या तिसऱ्या मजल्यापर्यंत वाहून आणल्या. त्याच बारा जोड्यांची पेटीतली चित्रं आधी मामाने स्क्रीनवर पाहिली, निकाल कागदावर लिहिला, मग हातात घेऊन फरश्या पाहिल्या. बारापैकी बारा बरोबर. खांदा भरून आला होता तिचा, पण मामाचा चेहरा पाहून तिला शीण वाटला नाही. तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला. मामींनी फोन करून सांगितलं, "घरात बसून पायांत बूट घातलेत. मी काही बोलले नाही."

दीड वर्ष असं उत्तम चाललं. एकही लॉट परत आला नाही.

मग कारखान्याने कचेरीची एक बाजू रिकामी करायची ठरवली. हिशेबाची, विक्रीची, खरेदीची मिळून चाळीस माणसं घरून काम करू लागली. चाळीस जणांचे चाळीस कॉम्प्युटर एकाच लाइनवरून ओढले जायला लागले आणि लाइनचा जीव गुदमरला. कुणाची स्क्रीन गोठायची, कुणी एक अक्षर दाबलं की ते पाणी पिऊन यायचं तेव्हा उमटायचं. स्क्रीनताईचा फोन सकाळी आठपासून वाजायचा. विक्रीच्या मुख्याने वरपर्यंत तक्रार नेली आणि मंगळवारी साहेब काचेतून बाहेर आले.

"सर्व्हरवरच मर्यादा घाल. सगळ्यांना सोळा."

"शेडमास्तर सोडून ना, सर?"

"आता सगळ्यांना. वेगळा गट करायचा म्हणजे वरून मंजुरी, कागद. पुढच्या आठवड्यात करू. आधी ही बोंब थांबव."

"पण सर, त्यांचं काम रंगांचंच—"

"एका आठवड्यात काय आभाळ कोसळतंय?"

सर्व्हरवर घातलेल्या मर्यादेची एक गंमत असते. घरच्या माणसाने बत्तीस निवडलेले असले तरी येतात सोळाच, आणि त्याच्याकडची खूण मात्र बत्तीसवरच दिसत राहते. आपलं काही काढून घेतलंय हे त्याला कळत नाही. स्क्रीनताईला हे पक्कं ठाऊक होतं. तिने सर्व्हर उघडला, यादीतून सोळा निवडले, ठीक म्हटलं. तीन क्लिक. पाच मिनिटांत फोन थांबले. साहेबांचा सगळ्यांना मेल गेला: वेग सुधारण्यासाठी रंगांची मर्यादा आजपासून कमी करण्यात येत आहे. मेलमध्ये 'सगळ्यांना' म्हटलं होतं, पण यादी होती फक्त कचेरीतल्यांची. मामाचं नाव त्यात नव्हतं. ते तिच्या लक्षात आलं होतं.

मामाला फोन करून सांगायचं, हे तिने ठरवलं होतं. एवढंच सांगायचं होतं की या आठवड्यात स्क्रीनवरून काही पास करू नका. पण मामाला फोन म्हणजे अर्धा तास. पाय कसा आहे, मामीचा गुडघा, तू जेवतेस का, कुणी स्थळ सुचवलंय. त्या दिवशी तिचं डोकं आठपासून फोन घेऊन घेऊन बधिर झालं होतं. उद्या करू म्हणाली. बुधवारी छपाईचं यंत्र बंद पडलं. गुरुवारी दुपारी मामाने फिकट राखाडी फरशीचा एक मोठा लॉट पाहिला, जुन्या नमुन्याशी जुळतो म्हणून शेरा दिला आणि मामींकडे चहा मागितला.

पुढचा आठवडा आला आणि गेला, वेगळा गट झाला नाही, आणि मामाला सांगायचंही राहूनच गेलं. सात आठवड्यांनी तक्रार आली. एका नव्या इस्पितळाच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये ती फरशी बसली होती. अर्धा कॉरिडॉर जुन्या लॉटचा, अर्धा नव्या. वरचे दिवे लागले तेव्हा बरोबर मध्यावर रेघ दिसली. अलीकडे राखाडी, पलीकडे जांभळट राखाडी, जणू कुणी पाणी सांडून पुसायचं विसरलंय. फोटो कारखान्यात फिरले. ज्यांना शेडमधलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांनासुद्धा ती रेघ दिसत होती.

मॅनेजरनी बैठक बोलावली. ते, साहेब, स्क्रीनताई, आणि टेबलाच्या मध्यभागी फोन, फोनवर मामा. फोटो मामाला आधीच पाठवले होते.

"मास्तर, हा लॉट तुम्ही पास केला आहे," मॅनेजर म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता. चौतीस वर्षांचा मान होता त्यात.

"शेरा माझाच आहे," मामा म्हणाला. "पण मला तेव्हा फरक दिसला नाही. दोनदा पाहिलं होतं मी."

"काल माणूस पाठवून तुमचा कॉम्प्युटर तपासला. स्क्रीन उत्तम आहे. सेटिंग बत्तीसच आहे."

"होय, तेही मी पाहिलं."

साहेब आपल्या पेनचं टोपण लावत होते, काढत होते. मंगळवारचा मेल त्यांचा होता, आणि मर्यादा घालणारा हात तिचा. साहेबांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. दोघं एकाच नावेत बसलोय, हलू नकोस, असं काहीतरी त्या पाहण्यात होतं.

"चिमे," मामा फोनवर म्हणाला. अकरा वर्षांत कारखान्यात त्याने तिला असं पहिल्यांदाच म्हटलं. "तुझ्याकडच्या बाजूला सगळं ठीक होतं ना गं? काही बदललं नव्हतं?"

त्याने ते संशयाने विचारलं नव्हतं. डॉक्टरला विचारतात तसं विचारलं होतं. जे सांगाल ते मी धरून चालेन.

"सेटिंग बरोबर होतं, मास्तर," ती म्हणाली.

का म्हणाली, हे तिने पुढे कितीदा तरी स्वतःला विचारलं. नोकरी जाईल म्हणून, हे तर होतंच. पण त्याहून मोठं म्हणजे तो फोन. साहेबांचा हुकूम तिला सांगता आला असता. पण मामा पुढचं विचारणार: मग मला का नाही सांगितलंस? अर्धा तास गप्पा मारायचा कंटाळा आला, हे चारचौघांत कुठल्या तोंडाने सांगणार? एका वाक्यात सुटका होती, म्हणून तिने ते वाक्य उच्चारलं.

"मग माझेच डोळे," मामा म्हणाला. "मॅनेजरसाहेब, माझं नाव काढून टाका. यापुढे मी शेरा देणार नाही. कारखान्याचं आणखी नुकसान नको."

मॅनेजर नाही-नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

पुढच्याच सोमवारी साहेबांनी तिला बोलावलं आणि शेडच्या कामासाठी वेगळा गट करायला सांगितला. बत्तीस. मंजुरी नाही, कागद नाही, काही नाही. शेडच्या कामावर आता दुसरा माणूस बसला होता, दुसऱ्या मजल्यावरच, आणि घरून बघायची त्याला फारशी गरजही पडत नव्हती. वरातीमागून घोडं आलं ते असं, मुकाट्याने. काम झाल्यावर साहेब म्हणाले, "तू समंजस आहेस." हे शब्द तिने बरेच दिवस बाळगले, पायात काटा मोडून राहावा तसे.

मामाच्या घरून ती मोठी स्क्रीन परत आणायलाही तीच गेली. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणायचं धाडस झालं नाही. मामाने तारा आधीच सोडवून, गुंडाळून, रबर लावून ठेवल्या होत्या. अंगात घरातला सदरा होता, दाढी वाढलेली. "नीट ने," तो म्हणाला, "तिचा काही दोष नाही." मामींनी कॅलेंडर परत त्याच खिळ्याला लावलं.

त्यानंतर मामाचा स्वतःवरचा विश्वास जो उडाला तो उडालाच. कपाटातून शर्ट काढला की मामींना विचारायचा, "हा निळा की करडा?" भाजी निवडताना पिकलेलं-कच्चं विचारायचा. दवाखान्यासाठी कधी खाली उतरला, तर रस्त्यावरचा दिवा हिरवा झाला तरी दुसरं कुणी चालायला लागेपर्यंत काठी टेकून उभा राहायचा. डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, या वयात असतो तेवढा मोतीबिंदू आहे, ऑपरेशनची घाई नाही. मामाने ऐकलं नाही. दोन्ही डोळ्यांचं करून घेतलं. पट्टी निघाली तेव्हा त्याला भिंत पूर्वीपेक्षा पांढरी दिसली, आणि तो म्हणाला, "बघ, म्हणजे इतकी वर्षं मी पिवळं पाहत होतो. किती लॉट चुकीचे सोडले असतील, देव जाणे."

ती तिथेच होती. डब्यातून आणलेला भात वाटीत काढत होती. चौतीस वर्षांचं सोनं तो माणूस आपल्या हाताने मातीत कालवत होता आणि ती भात काढत होती.

आणखी एक वर्ष गेलं. साहेब दुसऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर गेले. त्यांच्या खुर्चीत कुणी आलं नाही. काचेआडच्या खोलीत तिलाच बसवलं. जुने मेल नीट लावताना मंगळवारचा तो मेल समोर आला, आणि सर्व्हरची नोंदही. तारीख, वेळ, तिचं नाव, बत्तीसचे सोळा. दोन्ही कागदावर छापून तिने पर्समध्ये ठेवले. तीन आठवडे ते पर्समध्येच होते. मग एका रविवारी सकाळी ती गेली.

मामा खिडकीपाशी बसला होता. मामी कपड्यांच्या घड्या करत होत्या. तिने कागद मामाच्या हातात दिले आणि सगळं सांगितलं, काहीही न वगळता. सोळा, मर्यादा, घरी खूण का बदलली नाही ते, आणि फोन करायचा होता पण केला नाही तेही. बोलताना ती घड्या केलेल्या कपड्यांकडे बघत होती. "तुमचे डोळे ठीक होते, मामा. तुम्हाला फरक दिसलाच नसता. कुणालाच दिसला नसता. चूक माझी होती, आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले."

मामाने कागद जवळ धरले, लांब धरले. वाचल्यासारखं केलं. मग नीट घडी घालून तिच्या हातात परत ठेवले आणि तिच्या मनगटावर थोपटलं.

"लहानपणी तू अशीच होतीस," तो म्हणाला. "माझ्या हातून कपबशी फुटली की म्हणायचीस, मी फोडली. मामीने मला बोलू नये म्हणून."

"मामा, हे तसं नाही. यावर तारीख आहे, माझं नाव आहे. बघा ना."

"असेल. तुमच्या खात्यात कागद काय, हवा तसा निघतो." तो हसला. त्यात कडवटपणा नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "चिमे, मला आता त्याचं काही वाटत नाही. डोळे गेले होते, त्यावर इलाज केला. तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस. चहा घेणार ना?"

तिने आणखी दोनदा समजावून पाहिलं. दर खेपेला तो जास्त मायेने ऐकायचा आणि तेवढाच कमी विश्वास ठेवायचा. तिच्या तोंडून निघालेलं एक वाक्य त्याने दोन वर्षांपूर्वी डोळे मिटून खरं धरलं होतं. आता त्याच तोंडातून निघालेल्या शंभर वाक्यांना त्याच्याकडे जागा उरली नव्हती.

चहा पिऊन ती उठली. मामी दारापर्यंत आल्या आणि बाहेर येऊन त्यांनी दार मागे ओढून घेतलं.

"त्यांना खरं वाटलं नाही, ते बरंच झालं," मामी हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांना तुझा आधार वाटतो. मला खरं वाटलं."

ती पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा करत राहिली.

"त्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते घाबरले होते. लहान मुलासारखा माझा हात धरून बसले होते. तेव्हा तू समोरच्या खुर्चीत होतीस." मामी थांबल्या. जिन्यात वरच्या मजल्यावरचं कुणीतरी उतरत होतं. ते पुढे जाईपर्यंत दोघी नुसत्या उभ्या राहिल्या. "फोन करत जा त्यांना. ते वाट बघतात. तू मात्र इतक्यात येऊ नकोस. तुझ्यासमोर मला नीट वागता येणार नाही, आणि ते त्यांना कळेल."

"किती दिवस, मामी?"

"मी सांगेन."

मामींनी अजून सांगितलेलं नाही. ती दर रविवारी फोन करते. पाय, गुडघा, जेवण, स्थळ, सगळं होतं. अर्धा तास, कधी पाऊण. मामा मध्येच थांबून विचारतो, खूप कामात तर नाहीस ना, आणि ती म्हणते, नाही, बोला. मागून मामींच्या भांड्यांचा आवाज येतो. फोनवर त्या येत नाहीत.